पानगळीतले बावीस चेहरे

माघ सरत आला की भिलाईच्या सेक्टरांमधून झाडूचा आवाज वाढतो. एरवी तो सकाळी तासभर असतो, या दिवसांत दुपारपर्यंत थांबत नाही. कडुलिंब, पिंपळ, करंज, सगळी झाडं एकदम पानं टाकायला लागतात. बायका रस्त्याच्या कडेला ढीग करतात, काडी लावतात आणि नाकाला पदर लावून बाजूला उभ्या राहतात. तो धूर स्टील प्लांटकडून येणाऱ्या कोळशाच्या वासात मिसळला की माझा घसा धरतो. आमचे स्टुडिओचे मालक म्हणतात, ॲलर्जी आहे, गोळी घे. मी घेते. सात वर्षं घेते आहे. या घशाला गोळीचा काही उपयोग नाही हे मला ठाऊक आहे, पण मालकांना कुठे सगळं सांगत बसायचं.

मी सेक्टरच्या मार्केटातल्या एका फोटो स्टुडिओत काम करते. पासपोर्टचे फोटो, गेटपासचे फोटो, प्लांटच्या दवाखान्याच्या मेडिकल बुकाचे फोटो. पानगळीत त्यात परीक्षेच्या फॉर्मांची गर्दी. मुलं छातीशी पाटी धरून बसतात, पाटीवर खडूनं स्वतःचं नाव आणि तारीख. हनुवटी खाली, कान दिसू दे, हसू नको, हे मी दिवसातून शंभर वेळा म्हणते. या कामानं माणसाचं एक नुकसान होतं. कुठेही कोणी भेटलं तरी आधी त्याचे दोन्ही कान दिसताहेत का ते पाहिलं जातं. बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा. नावं मी विसरते, कान विसरत नाही.

आजोबा नागपूरकडून रेल्वेत आले, दुर्ग लाईनवर गँगमन होते. बाबा प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर झाले. सेक्टरच्या क्वार्टरात आम्ही दोघं वाढलो, मी रंजना आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान दिनेश, घरातला दिनू. माझं लग्न गोंदियाला झालं आणि तीन वर्षांत मोडलं. ती गोष्ट वेगळी आहे आणि फारशी सांगण्यासारखीही नाही. मी बॅग घेऊन परत आले तेव्हा घरात दिनू नव्हता. तो वर्षापूर्वीच निघून गेला होता.

त्याचं आय.टी.आय. झालं होतं. प्लांटात कायम लागायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं आणि ते झालं नाही. ठेकेदाराकडे रोजीवर जात होता, मग तेही सोडलं. एका दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "किती दिवस राहशीन असा? हे क्वार्टर माह्या नावावर हाय, तुह्या नाई." एवढंच. दिनूनं ताट सरकवलं, बॅग भरली आणि मागच्या दारानं दुर्गच्या स्टेशनाकडे गेला. आईला वाटलं, संध्याकाळी येईल. तिनं त्याच्यापुरत्या पोळ्या झाकून ठेवल्या.

बाबा वाईट नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. जन्मभर उंचावरच्या केबिनमध्ये बसून हॉर्न वाजवायचा आणि खालच्या माणसानं पटकन बाजूला व्हायचं, अशी त्यांच्या बोलण्याची सवय झाली होती. खालचा माणूस बाजूला होतो तो परत येण्यासाठी, घर सोडून जाण्यासाठी नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यानंतर त्यांनी दिनूचं नाव कधी घेतलं नाही. पण फाटकाची कडी वाजली की पेपर खाली यायचा.

चार वर्षं गेली. दिनूचा फोन बंद. माझा नंबर लग्न मोडल्यावर बदललेला, आणि मी परत आले आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. आईकडे फोनच नव्हता. बाबांचा नंबर त्याच्याकडे होता, पण ज्यांनी तसं सुनावलं त्यांनाच फोन कसा लावणार. त्याच्याजवळ आमच्या नावाचं काही उरलं असेल तर ते क्वार्टर होतं. सेक्टर, स्ट्रीट, नंबर. आणि मग बाबा रिटायर झाले.

भिलाईत रिटायर होणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. महिन्याच्या शेवटच्या तारखेला गळ्यात हार घातलेला माणूस चार मित्रांसोबत घरी येतो. गल्लीत पेढे वाटतात. मग काही महिन्यांची मुदत असते, ती संपली की दारात ट्रक लागतो आणि क्वार्टर रिकामं. केरळकडचे केरळात, बंगाली बंगालकडे, आणि मराठी माणसं बहुतेक नागपूरकडे. आमच्या स्ट्रीटवर त्या वर्षी एकामागून एक ट्रक लागत होते. आमची मुदत फाल्गुनअखेरची होती. बाबांनी दुर्गला रेल्वे लाईनीजवळ दोन खोल्यांचं घर बांधून ठेवलं होतं, आजोबांच्या जुन्या वस्तीच्या बाजूला. सायकलीनं तासाभराची वाट. पण आईच्या लेखी ते दुसरं जग होतं.

त्या माघात एक कॉलेजातली मुलगी भविष्य सांगायची टॅरोची कार्डं घेऊन स्टुडिओत आली. एक कार्ड हरवलं होतं, ते तसंच छापून हवं होतं. मी ती कार्डं पहिल्यांदाच पाहत होते. सम्राट, संन्यासी, न्याय, मृत्यू, मनोरा, सूर्य. बावीस मोठी कार्डं, बाकी बारकी. मुलगी मला अर्थ समजावत राहिली आणि मी मनात म्हणत होते, कुठल्या देशाचे राजे आहेत हे, दाढ्या काय, झगे काय. पण घरी जाताना सायकलवरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं तर सगळे तिथेच होते. न्याय चौकात लाल भाजी विकत होता. संन्यासी हातात टॉर्च घेऊन फिरायला निघाला होता.

पण मी स्वतः तशी कार्डं करायला घेतली त्याचं खरं कारण हे नव्हतं. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची जुनी फाईल शोधताना स्टुडिओच्या हार्डडिस्कमध्ये मला दिनू सापडला. अप्रेंटिसच्या फॉर्मासाठी काढलेला फोटो. निळा पडदा, पांढरा शर्ट, कॉलरचं वरचं बटण लावलेलं, दोन्ही कान दिसताहेत. हसू नको म्हटल्यावर जसं तोंड होतं तसं तोंड. मी तो फोटो मोठा करत गेले, करत गेले, शेवटी पडद्यावर नुसती त्याची भुवई उरली. मग मालक आत आले आणि मी फाईल बंद केली.

अशी, ओळखीच्या माणसांचे फोटो लावून, कार्डं करायला घेतली. मोठी बावीसच, तेवढी पुरेत. सेक्टरातली माणसं पांगायच्या आत सगळ्यांना पकडून ठेवायचं, असं मी लोकांना सांगत होते. दिनूला एकट्याला छापलं असतं तर तो फोटो भिंतीवर लावल्यासारखा झाला असता. एकवीस जणांच्या सोबतीनं तो त्यांच्यातला एक झाला असता, जिता-जागता. माझा हिशेब असा होता.

भाजीवाली दुलारी गेली वीस वर्षं आमच्या चौकात बसते. मी कॅमेरा काढल्यावर ती पदर सावरत म्हणाली, "मोर फोटू काबर खींचत हस नोनी?" फोटो कशाला ते मी सांगितलं, न्यायाचं कार्ड करते आहे, हातात तराजू धर. तिनं एका पारड्यात लाल भाजीची जुडी ठेवली, दुसऱ्यात वजन, आणि काटा मधोमध येईपर्यंत मला फोटो काढू दिला नाही. "अब खींच. बरोबर हे." शेजारचे मुखर्जी काका संन्यासी झाले. भर दुपारी टॉर्च पेटवून उभे राहिले, दाढीसुद्धा केली नव्हती, मुद्दाम. गल्लीतली एक लहान मुलगी रोज रस्त्यावरच्या पिवळ्या कुत्र्याच्या गळ्यात पडायची, तिला मी सामर्थ्य केलं. कार्डात सिंह असतो. आमच्याकडे कुत्रा.

बाबांना सम्राट व्हा म्हटलं तर आधी नाही म्हणाले. मग संध्याकाळी आपणहून हेल्मेट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत अंगणात येऊन बसले. रिटायर झालेल्या माणसाच्या डोक्यावरचं हेल्मेट. मी फोटो काढला. ते उठले नाहीत. हळूच म्हणाले, "दिनूचं कोनतं करून राहिली?" चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून नाव ऐकलं. मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शर्ट इस्त्रीचा हाय."

दिनूसाठी पहिलं, शून्य आकड्याचं कार्ड मी आधीच ठरवलं होतं. खांद्यावर गाठोडं घेऊन कड्याच्या टोकाशी निघालेला तरुण. त्या कॉलेजातल्या मुलीनं त्याला हिंदीत मूर्ख म्हटलं होतं. मी कार्डाखाली तेच छापून घरी आणलं आणि आई माझ्यावर धावलीच.

"मूर्ख? माह्या पोराले मूर्ख म्हनून राहिली? कोन्या तोंडानं?"

"आई, ते कार्डाचं नाव होय. सारं सोडून जो निघते, तो."

"मंग तसं लिही ना. वाटसरू लिही."

मी दुसऱ्या दिवशी वाटसरू लिहून आणलं. आईनं ते पदरानं पुसलं. लॅमिनेशन नवं होतं, पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

मृत्यूच्या कार्डासाठी कोणी मिळेना. कोणाला विचारायचं? आपल्यात मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर जातो, जित्याला मृत्यू म्हणून बसवलं तर घरचे झाडू घेऊन मागे लागतील. मुखर्जी काकांना गमतीनं विचारलं तर ते हसले आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आईच्या कानावर गेलं.

"कावून फिरून राहिली लोकाईले इचारत? मले बसव ना त्याच्यात. मले काय होते? दुसऱ्या कोनाले बसवू नको, ज्याच्या त्याच्या घरी लेकरंबाळं हायत."

तिनं केसांना तेल लावलं, नागपूरहून आणलेली जांभळी साडी नेसली आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसली. वरून कडुलिंबाची पानं पडत होती, दोन तिच्या मांडीवर पडली. तिनं ती झटकली नाहीत. कॅमेऱ्याकडे पाहून ती हसली, आणि मला, जिचा धंदाच लोकांना हसू नका म्हणायचा आहे, तिला थांबवावंसं वाटलं नाही. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो हा आहे, आणि त्याखाली मृत्यू लिहिलेलं आहे.

एकविसावं, शेवटचं कार्ड जगाचं. तोवर माणसं संपली होती आणि मीही थकले होते. स्टुडिओत पडदा लावून टायमरवर मी माझाच फोटो काढला. शून्यापासून एकवीस, बावीस चेहरे पूर्ण झाले.

मग रोज दुपारी ते सुरू झालं. स्टुडिओ दोन ते चार बंद असायचा. मी जेवायला घरी यायचे. मागच्या ओसरीवर आई चटई टाकून बसलेली असायची. बाहेर पानं जळत असायची, धूर जाळीतून आत यायचा. "तुह्ये ते फोटो आन वं." ती दोन्ही हातांनी कार्डं पिसायची, ढिगावर हात ठेवून डोळे मिटायची, आणि कार्ड मी काढायचे. प्रश्न एकच असायचा. दिनू येईन का?

जे कार्ड निघेल ते ती दिनूकडे वळवून घ्यायची. दुलारी निघाली की म्हणायची, तराजू हाय, म्हनजे कोन्या दुकानात काम करून राहिला असन. मुखर्जी काका निघाले की, टॉर्च हाय, म्हनजे अंधारात बी रस्ता दिसून राहिला त्याले. सम्राट निघाला की परत ढिगात घालून म्हणायची, दुसरा काढ. मला सुरुवातीला हसू यायचं. मग येईनासं झालं. ती एका कार्डावर दिवस काढायला लागली होती.

आणि तिकडे मुदत संपत आली. बाबांनी पेट्या आणल्या. आई त्यांना हात लावेना.

"तुमी जा दुर्गले. मी इथंच राहतो. पोरगं आलं तं कोनाले इचारीन?"

"अवं, क्वार्टर खाली करा लागते. कंपनीचं हाय."

"मी बी कंपनीचीच हाओ म्हना."

बाबा मुदत वाढवून मागायला ऑफिसात गेले, दोनदा गेले. जन्मभर कोणापुढे हात न पसरलेला माणूस बाकावर बसून राहिला आणि तसाच परत आला. त्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी गाठलं. डोळ्यांत पाहत नव्हते. "तुह्या त्या फोटोईतून सांग तिले. माह्यं नाई ऐकत. तुह्यं त्यातलं ऐकते."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी वाटसरू आणि जग ही दोन कार्डं कटरवर ठेवली आणि लांब बाजूनं अर्धा दोरा, जेमतेम केसभर, कापली. फोटो कापणाऱ्या हाताला अर्धा दोरा म्हणजे काय ते बरोबर कळतं. डोळ्याला दिसत नाही. पण ढिगाच्या कडेवरून अंगठा फिरवला की तिथे बोट बुडतं. मला माहीत होतं मी काय करते आहे. हे मी बाबांवर ढकलणार नाही.

दुपारी आईनं पिसलं, डोळे मिटले. मी अंगठा फिरवला आणि वाटसरू काढला. इतक्या दिवसांत तो एकदाही आपणहून निघाला नव्हता. "अजून एक काढ," ती म्हणाली. मी जग काढलं.

तिनं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. निळ्या पडद्याचा दिनू, आणि मी. दोघांचेही कान दिसत होते. आमचे कान आईवर गेले आहेत.

"तो अन तू," ती हळू म्हणाली. "म्हनजे तू जिथं राहशीन, तिथं तो येईन. असंच होय ना?"

मी म्हटलं, हो.

"खरं होय?"

मी परत म्हटलं, हो. ती उठली आणि स्वयंपाकघरातले डबे रिकामे करायला लागली.

ट्रक लागला त्या सकाळी आईनं गेरू भिजवला. काडीला चिंधी गुंडाळली. मागच्या दाराशेजारी भिंतीवर तिनं लिहिलं, दिनू, आम्ही दुर्गला आहोत, आणि खाली नव्या घराचा पत्ता. कागद उडतो, शेजारी विसरतात, भिंत कुठे जात नाही, असं तिचं म्हणणं. दिनू नेहमी मागच्याच दारानं यायचा. अक्षरं बारीक आली म्हणून मी ती परत गिरवून जाड केली. बाबांनी पत्ता एकदा मोठ्यानं वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं.

क्वार्टर रिकामं झालं की नवा माणूस यायच्या आधी कंपनी त्याची पुताई करते. आतून, बाहेरून, चुन्याचे दोन हात. भिलाईत हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आम्ही स्वतः तशाच ओल्या चुन्याच्या वासाच्या घरात राहायला आलो होतो. आम्ही तिघं त्या भिंतीसमोर उभे होतो आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. आईच्या खरंच ध्यानात नव्हतं की काय, देव जाणे. माझ्या होतं. पण ती ट्रकमध्ये चढत होती, आणि मला ती चढायला हवी होती.

तरी मी दुलारीकडून पत्ता पाठ करून घेतला होता. मुखर्जी काका त्याच महिन्यात कलकत्त्याला गेले, दुसऱ्या बाजूचं क्वार्टर रिकामंच होतं, मग तीच एक उरली. "आही नोनी, आही. मैं बताहूं," ती म्हणाली. आणि तो आला की ती सांगणारच होती. पण आषाढात रोपं लावायला ती गावी जाते, दर वर्षी, महिनाभर. चौकात तिच्या जागी तेव्हा कोणी बसत नाही.

दुर्गच्या घरात आईला झोप लागायची नाही. मागून गाड्या जायच्या. प्रत्येक गाडी स्टेशनाजवळ हळू झाली की ती उठून बसायची. मी रोज बसनं भिलाईला स्टुडिओत यायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही कार्डं काढायचो. कापलेली दोन कार्डं मी त्यानंतर अंगठ्यानं कधी शोधली नाहीत.

कार्तिकात एक तरुण जोडपं मेडिकल बुकाच्या फोटोसाठी आलं. काउंटरच्या काचेखाली नमुन्याचे पासपोर्ट फोटो लावलेले असतात, त्यांत मी दिनूच्या त्याच फोटोची एक प्रत सरकवून ठेवली होती. पैसे देता देता त्या माणसाचं बोट काचेवर थांबलं.

"दीदी, ये भैया तो हमारे क्वार्टर आए थे."

मी विचारलं, कोणतं क्वार्टर. त्यानं सेक्टर सांगितला, स्ट्रीट सांगितला, नंबर सांगितला.

"बारिश में आए थे. बोले, हम यहीं पले हैं. मिसेज ने कुर्सी दी, बैठे नहीं. खड़े-खड़े पानी पिया. पूछा, वो लोग किधर गए. हमको तो खाली मिला था दीदी, पुताई होके. मैंने बोला, मराठी लोग थे, रिटायर हुए, तो नागपुर ही गए होंगे. सब उधर ही जाते हैं."

"फिर?"

"फिर बोले, हां, नागपुर ही गए होंगे. और पीछे के दरवाजे से निकल गए."

त्या माणसाची काही चूक नव्हती. कोणीही तेच सांगितलं असतं, मीही सांगितलं असतं. मराठी माणूस रिटायर झाला की नागपूरला जातो. मी त्याला स्टुलावर बसवलं, हनुवटी खाली करायला सांगितली आणि फोटो काढला. तो हलला होता. परत काढला. तोही हललेला. हलत होते ती मी.

नागपूरच्या दोन नातेवाइकांना मी गुपचूप फोन केले. कोणाकडे तो गेला नव्हता. दुर्गच्या स्टेशनातूनच गाडीत बसला असेल. नागपूरकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या घरामागून जाते. हा विचार मी कितीदा करायचा नाही असं ठरवलं आहे.

घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं बाबांचं तोंड पाहिलं नसतं, कारण उठायची घाई त्यांची होती, असं तिला वाटायचं. बाबांनी ते सोसलं नसतं. हे माझं निमित्त. तीन वर्षांनी बाबा गेले, एका आठवड्याच्या तापात. जाताना त्यांनी विचारलं, कोनी आलं का? मी म्हटलं, नाही. निमित्त संपलं आणि तरी मी गप्पच राहिले, तेव्हा मला कळलं की मी बाबांना नाही, स्वतःलाच वाचवत होते. दर सुट्टीच्या दुपारी आई विचारायची, येईन का, आणि तो येऊन गेला आहे हे ठाऊक असलेली मी कार्ड काढून तिच्या हातात द्यायचे. याहून वाईट काम मी केलेलं नाही. मोडलेल्या लग्नातही नाही.

आता परत माघ सरतो आहे. दुर्गलाही पानं जळतात, इथे नगरपालिकेच्या बायका ढीग करतात. कार्डांचं लॅमिनेशन पिवळं पडलं आहे, कोपरे उकलले आहेत. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यातही उतरतो आहे. परवाच्या रविवारी तिनं पिसलं, मी न पाहता वरचं कार्ड काढून तिला दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं.

"हा कोन होय वं?" तिनं विचारलं.

मी पाहिलं. निळा पडदा, पांढरा शर्ट.

मला वाटलं होतं, सांगताना मी रडेन, शब्द फुटणार नाहीत. तसं काही झालं नाही. मी सगळं सरळ सांगितलं. दिनू आला होता, त्याच वर्षी, पावसात. भिंत पांढरी झालेली होती. त्या माणसानं नागपूर सांगितलं. आई कार्ड धरून ऐकत होती.

"वाळला होता का?"

"ते मी नाई इचारलं."

"बसला?"

"नाई. उभ्यानंच पानी पेला."

"उभ्यानंच पेते तो," आई म्हणाली. "किती येळा सांगतलं, बसून पी." मग, "किती वर्सं झाले?"

"सात होतीन."

तिनं बोटांवर काही मोजलं नाही. मी तेवढ्यातच म्हणून टाकलं की ती दोन कार्डं त्या दिवशी मी मुद्दाम काढली होती, कापून खूण करून ठेवली होती, तिला तिथून उठवायला. तिनं मला मारावं, असं मला खरंच वाटत होतं. तिनं हात वर केला तो मला थांबवायला.

"ते नको सांगू मले."

बाहेर कोणीतरी जळत्या पानांच्या ढिगावर पाणी ओतलं. आईनं चटईवरची कार्डं गोळा केली, काठ सारखे केले आणि दिनूला सगळ्यांत वर ठेवून ढीग माझ्याकडे सरकवला. आता कार्डं काढायची गरज नव्हती. कपाटात ठेव म्हणाली. मी उठेना, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या डोळ्यांनी मी तिला कितपत दिसत होते कोणास ठाऊक.

"फोटोईनं कुठं खोटं सांगतलं?" ती म्हणाली. "तो आला होता, रंजू. आपनच घरी नव्हतो."